हार्डनर दोनदा पडल्याबाबत

जबाब देणारी स्त्री, वय ६४ वर्षे, धंदा शाळेतून निवृत्त शिक्षिका, सध्या घरकाम. राहणार बेकरीमागच्या गल्लीतील दुमजली घर, वरचा मजला. नाव, फोन नंबर आणि ओळखपत्राची प्रत वेगळ्या कागदावर दिली आहे.

मी आज सोमवारी सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता आले असून समक्ष सांगते की, वरील घरात मी गेली अडतीस वर्षे राहते. माझे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून घरात मी आणि माझी थोरली नणंद अशा दोघीच आहोत. नणंदेचे वय ७२. मी त्यांना वन्सं म्हणते. हवालदारांनी 'सदर महिला' असे लिहायला घेतले होते, ते मी बदलून घेतले. मला एक मुलगा असून तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहतो. तळमजल्यावर घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ भाड्याने राहतात. जिन्याला लागून पत्र्याची शेड आहे. तिथे ते आपली स्कूटर लावतात.

मागच्या मंगळवारी त्या शेडमध्ये आग लागून स्कूटरची सीट जळाली. घड्याळवाल्यांनी तक्रार दिली आहे ती विम्यासाठी पोलिसांची नोंद लागते म्हणून. आमच्यावर त्यांचा राग नाही. आग त्यांनीच वाळूची बादली टाकून विझवली आणि नंतर आम्हा दोघींना पाणी आणून दिले. त्या दिवशी वन्संनी पोलिसांना जो जबाब दिला तो खरा नाही. खरे काय ते सांगायला मी आले आहे.

वन्संनी फायबरच्या टाक्या आणि होड्या बनवणाऱ्या कारखान्यात एकोणतीस वर्षे नोकरी केली. सुरुवातीला त्या काचेच्या तंतूंची मॅट कापायला होत्या. नंतर रेझिनमध्ये हार्डनर मोजून घालण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्याचकडे राहिले. रेझिन मधासारखे दाट असते आणि आपोआप घट्ट होत नाही. त्यात हार्डनर कमी पडला तर ते कायम चिकट राहते. जास्त पडला तर डब्यातल्या डब्यात तापते, धूर सोडते आणि दगड होऊन बसते. हार्डनर दिसायला पाण्यासारखा असतो. तो डब्यात पडला आहे की नाही हे नुसते बघून मला तरी कळत नाही.

आमच्याकडे एक मासा आहे. जातीने गुरामी. माझ्या यजमानांनी आणला तेव्हा बोटाएवढा होता. आता कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढा झाला आहे. तो दिवसभर एका कोपऱ्यात बसून खाण्याची वाट बघतो आणि आवडीचे नसेल तर तोंड फिरवतो, म्हणून वन्सं त्याला जावईबापू म्हणतात. जुन्या काचेच्या पेटीत त्याला आता वळता येत नाही. वळताना काचेला घासून त्याच्या ओठाला जखम झाली. एवढी मोठी काचेची पेटी जिन्यावरून वर नेणे शक्य नव्हते. वन्सं म्हणाल्या, "प्लायवूडची करू. तुकडे वर नेऊन जोडायचे, आतून रेझिन आणि मॅट मारायची, पुढे एक काच. मी आयुष्यभर लोकांच्या टाक्या केल्या, घरातली एक होणार नाही का?" मग वरच्या खोलीत वास कोंडेल म्हणून त्यांनीच बेत बदलला आणि टाकी शेडमध्येच जोडायची, जावईबापूंना खाली आणायचे, असे ठरले. घड्याळवाल्यांनी त्यासाठी स्कूटर भिंतीला सरकवून घेतली.

प्लायवूड सुताराकडून कापून घेतले. तो म्हणाला, "आजी, एका माशासाठी एवढा खटाटोप? तळ्यात सोडून द्या." वन्सं म्हणाल्या, "तुझा बाप म्हातारा झाला की त्यालाही सोड तळ्यात." त्यानंतर सुताराने कडा न सांगता रंधून दिल्या.

पेटी जोडायला दोन दिवस गेले. आतल्या कोपऱ्यांत वन्संनी रेझिनमध्ये पावडर कालवून लिंपण केले आणि चमच्याच्या पाठीने ते गोल केले, कारण काटकोनात मॅट नीट बसत नाही. मग पातळ रेझिनचा पहिला हात, तो लाकडाने पिऊन घेतल्यावर मॅट, मॅटवर पुन्हा रेझिन. ब्रशने रंग देतात तसे ओढायचे नाही, ठोकत ठोकत बसवायचे. बुडबुडा दिसला की तो कडेपर्यंत ढकलत न्यायचा. बुडबुडे शोधणे माझ्याकडे होते. चष्मा लावूनही एखादा सुटला की वन्सं म्हणायच्या, "मास्तरीणबाई, मुलांच्या चुका बऱ्या दिसायच्या हो तुम्हाला. पाणी म्हणजे चौकस शेजारीण, फट असेल तिथे डोकावणारच." शनिवारपासून सोमवारपर्यंत काचेची बाजू सोडून तिन्ही बाजू झाल्या. इतक्या वर्षांत त्यांचे काम मी पहिल्यांदाच पाहत होते. कारखान्यातून त्या घरी येत तेव्हा हातांना वास असायचा. मी नवी सून असताना त्यांना हात धुवायला दोनदा साबण द्यायचे. हे जबाबात नको असेल तर वगळावे. (हवालदारांनी राहू द्या म्हटल्यावरून राहू दिले.)

कारखान्यात एक रीत होती. ज्याने हार्डनर घातला त्याने ढवळून झाल्यावर ब्रश डब्याच्या तोंडावर आडवा ठेवायचा. आडवा ब्रश दिसला की दुसऱ्या कोणी त्या डब्यात काही घालायचे नाही. ही रीत वन्संनी मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. मला माहीत नव्हते असे माझे म्हणणे नाही.

मंगळवारी टाकीचा तळ करायचा होता. सकाळी अकराच्या सुमारास वन्संनी दोन किलो रेझिन घेतले, त्यात टोपणाने चार टोपणे हार्डनर घातला,

(या ठिकाणी बाहेरच्या बाकावर बसलेल्या वन्संनी "तीन. उकडत होतं म्हणून तीनच घातली," असे मोठ्याने सांगितले. हवालदारांनी हा तुमचा जबाब नाही, मध्ये बोलू नका अशी समज दिली. तीन हे बरोबर आहे.)

ढवळले आणि ब्रश डब्यावर आडवा ठेवला. तेवढ्यात वर फोन वाजला, म्हणून त्या वर गेल्या. मी खाली जमिनीवर कागद अंथरत होते. आडव्या ब्रशवरून एक थेंब कागदाबाहेर फरशीवर पडलेला मला दिसला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. तिथे सिस्टर सांगत की हातातली वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. पुढे मीही मुलांना तेच सांगत आले. मी ब्रश उचलला, धुण्यासाठीच्या थिनरच्या बरणीत उभा ठेवला आणि फरशी पुसली. इतक्यात फाटकापाशी पार्सलवाला आला. सही करून परत यायला मला चार-पाच मिनिटे लागली. परत आले तर डबा उघडा आणि ब्रश बरणीत. तो मीच तिथे ठेवला होता, हे मला त्या वेळी आठवले नाही. वरून वन्संचा आवाज येत होता. त्या माझ्या मुलाशी बोलत होत्या. मला वाटले की त्या हार्डनर घालायला विसरल्या.

मी बाटली घेतली आणि चार टोपणे घातली. मोजून घातली. ढवळले. ब्रश मात्र आडवा ठेवला नाही, पुन्हा बरणीतच ठेवला.

ब्रश आडवा का ठेवला नाही, आणि घालण्याआधी वर हाक मारून का विचारले नाही, असे हवालदारांनी विचारले. त्यावर मी सांगते की, विचारले असते तर वन्संना कळले असते की मला त्यांच्या आठवणीची खात्री वाटत नाही. एकोणतीस वर्षे ज्या बाईने हार्डनर मोजला तिला मी जिन्याखालून ओरडून विचारायचे, "घातलात का?" ते माझ्याने झाले नाही. ब्रश आडवा ठेवला असता तरी त्यांना कळलेच असते. मी गुपचूप त्यांची चूक सांभाळून घेत होते. चूक झालेलीच नव्हती.

दोन-तीन मिनिटांत वन्सं खाली आल्या. ब्रश बरणीत पाहून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, ब्रश काढला आणि डब्याला हात लावला. म्हणाल्या, "अगं, हा तापलाय." मी म्हणाले, "उन्हाने असेल." डब्यातून पांढरा धूर यायला लागला. त्यांनी तो उघड्या हाताने उचलून शेडच्या टोकाला नेला, पण तळव्याला चटका बसल्याने मध्येच खाली ठेवावा लागला. तिथे आम्ही थिनरने पुसायला वापरलेल्या चिंध्या टाकत होतो. चिंध्यांनी पेट घेतला. शेजारी स्कूटर होती. आग साधारण दहा मिनिटे होती. इतर कोणाला इजा नाही. वन्संच्या उजव्या तळव्याला फोड आले.

त्याच दिवशी दुपारी पोलीस आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत वन्संनी सांगितले, "माझ्याच हातून दोनदा पडलं. मला हल्ली विसरायला होतं. ही तेव्हा फाटकापाशी होती." उजव्या हाताला पट्टी असल्याने त्यांचा डाव्या हाताचा अंगठा घेतला गेला. मी तेव्हा शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही. त्यानंतर आजपर्यंत सहा दिवस मी काही बोललेले नाही, असे लिहून घ्यावे.

आजच का आले, याचे कारण असे. माझा मुलगा शनिवारी आला. त्याने वन्संसाठी एका वृद्धाश्रमाचा अर्ज भरून आणला आहे. त्यात 'प्रवेशाचे कारण' असा रकाना असून तिथे 'विस्मरण, त्यातून आगीचा अपघात' असे लिहिले आहे आणि सोबत वन्संच्या जबाबाची प्रत जोडली आहे. मला तो आपल्याकडे नेणार आहे. त्याचे घर दोन खोल्यांचे आहे. बुधवारी निघायचे आहे. मुलगा वाईट नाही. त्याला सायकल आत्यानेच शिकवली आणि ताप आला की तो माझ्याऐवजी आत्याजवळ झोपायचा. अर्ज भरताना तो रडला, हे मी पाहिले आहे. तो म्हणाला, "आई, उद्या गॅसचं असं झालं तर? तिने स्वतः सांगितलंय गं, पोलिसांत सांगितलंय." वन्संनी अर्ज वाचला आणि विचारले, "तिथे मासा ठेवू देतात का?" तो नाही म्हणाला. त्यावर त्या "बरं" म्हणाल्या आणि सही करायला चष्मा शोधू लागल्या. वाचून झाल्यावर त्यांनी बाजूला ठेवलेला चष्मा मी तेवढ्यात उशीखाली ठेवला होता. अजून सही झालेली नाही.

वन्संना विसरायला होते असे तुम्हाला मुळात का वाटले, असे हवालदारांनी विचारले. त्यावर सांगते की, सुमारे दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी वन्संनी जेवायला दोघींऐवजी तीन ताटे घेतली. मी काही न बोलता एक ताट उचलून ठेवले. त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे प्रत्येक गोष्ट पुन्हा बघू लागले, गॅस, कडी, नळ, त्यांच्या गोळ्या.

(या ठिकाणी वन्सं पुन्हा बाकावरून बोलल्या. त्यांचे शब्द असे: "त्या दिवशी त्याला अडुसष्ट पूर्ण झाली असती. मी मुद्दाम घेतलं होतं ताट. तू उचलून ठेवलंस, मला वाटलं तुला नको असेल.")

तारीख मी आठवून पाहिली. माझ्या यजमानांचा वाढदिवस त्याच दिवशी होता. तो मी विसरले होते.

यानंतर मला थोडा वेळ देण्यात आला.

बाकावर माझा मुलगाही बसला होता. तो आत्याला म्हणाला, "मग तू पोलिसांना खोटं का सांगितलंस?" वन्सं म्हणाल्या, "ब्रश बरणीत उभा होता. आमच्या घरात उभा ब्रश कोण ठेवतं? मला वाटलं, हिलाच विसरायला होतंय. गेले दोन महिने भाजीत दोनदा मीठ पडतंय. मी कुणाला बोलले का? मुकाट्याने गिळत होते." मी आतून सांगितले की ते मीठ तुम्ही टाकले नसेल असे वाटून मी टाकत होते. हवालदारांनी लिहिणे थांबवून विचारले, "तुम्ही दोघी घरात एकमेकींशी बोलत नाही का?" वन्सं म्हणाल्या, "दिवसभर बोलतो की. घसा बसतो आमचा." हे हवालदारांनी विचारले म्हणून लिहिले आहे.

तरी माझे निश्चित म्हणणे असे की, त्या डब्यात पहिला हार्डनर वन्संनी योग्य प्रमाणात घातला होता. दुसरा मी घातला. त्या खाली आल्या तेव्हा ब्रश आडवा नव्हता, डबा उघडा होता आणि हार्डनरची बाटली हाताशी होती. ज्याला आपल्या आठवणीची शंका असते तो अशा वेळी थबकतो. त्या थबकल्या नाहीत. मी पाहत होते. घातला आहे हे त्यांना पक्के माहीत होते. चिन्ह मी काढले आणि काढल्याचे मीच विसरले. म्हणून अर्जाच्या त्या रकान्यात कोणाचे नाव यायचेच असेल तर ते वन्संचे येत नाही. स्कूटरच्या नुकसानीला मी जबाबदार आहे. यापुढे शंका आली तर मी वर जाऊन विचारेन. हे पोलिसांसाठी नाही, पण लिहावे.

माझी आणखी एक विनंती आहे. पंचनाम्याच्या वेळी टाकीभोवती जी पट्टी बांधली ती सोडावी. टाकीची बाहेरची एक बाजू काळवंडली आहे, आतले काम शाबूत आहे. फक्त तळ राहिला आहे. तो झाल्यावर पाणी भरून, उपसून, धुऊन काढायला आणखी तीन आठवडे लागतील आणि माशाला वळता येत नाही.

हा जबाब मी सांगितला तसा हवालदारांनी लिहिला. माझ्या सांगण्यावरून तो दार उघडे ठेवून मोठ्याने वाचण्यात आला. वाचत असताना वन्सं बाकावरून उठून दारात आल्या आणि शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या जबाबातलं ते 'विसरायला होतं' खोडा." हवालदार म्हणाले, "आजी, खोडता येत नाही. नवा जबाब द्यावा लागेल." मुलाने वृद्धाश्रमाचा अर्ज घडी करून खिशात ठेवला आहे, फाडलेला नाही. तो म्हणाला की आत्याचा नवा जबाब काय येतो ते बघून ठरवतो. म्हणून तो आजच, आत्ताच घ्यावा असे मी हवालदारांना सांगितले. वन्सं माझ्या खुर्चीपाशी येऊन म्हणाल्या, "ऊठ तिथून. घ्या लिहून, मला सगळं आठवतंय. आणि साहेब, हिला बाहेर बसवा, ही मध्ये बोलेल."

वर लिहिलेले सर्व मी ऐकले. त्यात माझ्या सांगण्याबाहेरचे काही नाही आणि जे चुकले होते ते दुरुस्त झाले आहे. सही करून मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसत आहे.

सही